पहिल्या वर्षाची खोली: चंदगडहून कोल्हापूरच्या होस्टेलवर

मुलगी चंदगड तालुक्यातल्या एका गावची. बारावीनंतर सीईटी ही प्रवेश परीक्षा दिली, कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीत, कोल्हापुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात नंबर लागला आणि पाठोपाठ मुलींच्या होस्टेलवर तिघींच्या खोलीत जागाही मिळाली. महिना ऑगस्टचा, पावसाला खळ नाही. तिची आई माझी थोरली बहीण. मी कोल्हापुरातच, राजारामपुरीत राहते, म्हणून खोलीची तयारी माझ्याकडे आली. ताईचं फोनवर एकच म्हणणं, "पोरीला तिथं काय बी कमी पडू नये बघ." दाजींनी खोलीसाठी बारा हजार रुपये वेगळे काढले होते आणि ताईने दोन पानी यादी केली होती.

त्या यादीत गादी, उशा, तीन चादरी, दोन ब्लँकेट, पत्र्याची पेटी, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, किटली, टेबलफॅन, आरसा, पायपुसणी, भिंतीवरचं घड्याळ, पुस्तकांचा रॅक, डझनभर हँगर आणि डब्यांचा अख्खा सेट होता. यातली एकही वस्तू वायफळ नव्हती, घर सोडून जाणाऱ्या लेकीसाठी आईला जे जे सुचतं ते सगळं होतं. अडचण इतकीच, की ती खोली अजून कुणीच पाहिलेली नव्हती.

दरवर्षी या दिवसांत गावाकडचे पालक कोल्हापुरात हेच करताना दिसतात. एका दिवसात सगळा बाजार उरकायचा, टेम्पोत भरायचा, खोलीत उतरवायचा आणि संध्याकाळची एसटी धरायची. माझं मत स्पष्ट आहे. होस्टेलची खोली एका दमात लावू नये. पहिल्या दिवशी झोप, कपड्यांचं वाळवण, कुलूप आणि उजेड या चार गोष्टी नीट झाल्या की पुरे. बाकीचे पैसे मुलीच्या हातात राहू द्यावेत. महिनाभर राहिल्यावर काय लागतं ते तिला कळतं, आणि ते तिनेच आणावं. दाजींना हे लगेच पटलं, ताईला पटायला वेळ लागला.

कोल्हापूरला बाहेरगावची पोरं ठेवून घेणं नवीन नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, पुढे १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल, अशी एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली. दसरा चौकातून जाताना त्यातल्या काहींच्या पाट्या अजून दिसतात. वळकटी आणि पेटी एवढ्या सामानावर खेड्यातली मुलं या शहरात शिकून गेली. आज तेवढ्यावर भागत नाही हे मान्य, पण पहिल्या दिवशी किती लागतं याचा अंदाज त्यावरून घेता येतो.

आधी खोली, मग बाजार

प्रवेश नक्की झाल्यावर सामान न घेताच आम्ही दोघी होस्टेलवर गेलो. रेक्टर मॅडमनी खोली उघडून दिली. मी शिवणाची टेप नेली होती. कॉट भरली सहा फूट बाय अडीच फूट. बाजारात तयार मिळणारी एकेरी गादी बहुतेक तीन फूट रुंदीची असते. ती या कॉटवर टाकली असती तर सहा इंच बाहेर लोंबली असती आणि रोज रात्री घसरली असती. कॉटखाली जमिनीपासून मोकळी जागा अकरा इंच, म्हणजे ताईने ठरवलेली पत्र्याची पेटी आत सरकलीच नसती. भिंतीतलं कपाट अरुंद पण उंच, कडीला कुलूप लावायची सोय असलेलं. प्रत्येकीच्या टेबलाशी सहा अँपिअरचा एक प्लग.

मग भिंती. कोल्हापुरात ऑगस्टमध्ये खोली बघायला मिळाली हे एका परीने बरंच झालं, कारण ओल कुठे येते ते डोळ्यांना दिसत होतं. भाचीला खिडकीजवळची कॉट हवी होती. खिडकीबाहेर गुलमोहर होता, उजेड चांगला होता, तिचं मन तिथेच बसलं. मी तिला खिडकीखालच्या भिंतीवर हात ठेवायला सांगितला. रंगाला पोपडे आले होते आणि हाताला गार, दमट लागत होतं. पश्चिमेची खिडकी, म्हणजे पावसाची झड थेट आत. तिने स्वतःच दाराजवळची, आतल्या भिंतीची कॉट घ्यायचं ठरवलं. ओल नसली तरी ती कॉटही भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवली, म्हणजे मागून हवा खेळती राहते आणि गादीची कड भिंतीला टेकत नाही.

वहीच्या मागच्या पानावर तिने सगळी मापं लिहून घेतली. एवढं झाल्यावरच बाजार.

गादी आणि वाकळ

सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा गादीवर गेला आणि तो तसाच जायला हवा. चार वर्षांच्या अभ्यासात पाठ दुखायला लागली तर बाकीच्या वस्तूंचा काही उपयोग नाही.

कापसाची गादी ताईच्या मनात होती. गावाकडे तीच चांगली, कारण अंगण असतं, ऊन असतं, वर्षा-दोन वर्षांनी कापूस पिंजून घेता येतो. होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर पावसाळ्यात कापूस हवेतला दमटपणा ओढून घेतो, जड होतो, त्याच्या गाठी होतात आणि उन्हात टाकायला जागा नसते. आम्ही गादी कारखान्यात कॉटच्या मापाची चार इंच जाडीची गादी करून घेतली. आत काथ्या, वर फोमचा पातळ थर. काथ्यातून हवा जाते, त्यामुळे खालच्या फळीवर बुरशी धरायची भीती कमी. शिवाय चेन असलेली खोळ लावून घेतली. ती काढून धुता येते. कारखानदाराने दोन दिवसांत दिली आणि साधारण बावीसशे रुपये घेतले.

आता वाकळ. भाचीच्या आजीने जुन्या लुगड्यांची, हाताने धाव घालून, चार थरांची वाकळ शिवून ठेवली होती, नातीला द्यायचीच म्हणून. आजीचं म्हणणं, "ही पांघरल्याशिवाय झोप न्हाई लागायची तिला." खरंच होतं ते. पण चार थर सुती कापडाची वाकळ एकदा ओली झाली की कोल्हापूरच्या पावसात आठवडाभर वाळत नाही आणि नीट वाळली नाही की वास धरते. दाजी म्हणाले, "मग दिवाळीनंतर नेऊ दे की." मला मात्र ती पहिल्या दिवसापासून तिच्यासोबत असावी असं वाटत होतं. घर सुटल्यावर पहिल्या रात्रींत अंगावर ओळखीचं काही असणं ही मुलीची गरज आहे, ती पंख्याइतकीच खरी. मार्ग साधा निघाला. जुन्या सुती साडीची मोठी खोळ शिवली, वाकळ त्यात घातली आणि चार कोपऱ्यांना नाड्या बांधल्या. खोळ दर पंधरा दिवसांनी धुवायची, वाकळ धुवायचीच नाही. पाऊस संपून ऑक्टोबरचं ऊन पडलं की गावी नेऊन अंगणात उलटून-पालटून घालायची. पावसाळाभर ती वापरली, वास आला नाही.

दोन ब्लँकेटं यादीतून गेली. कोल्हापुरातल्या थंडीला वाकळ आणि एक सोलापुरी चादर भरपूर होते.

वाळवण

बाहेरून आलेल्यांच्या याद्यांत हा मुद्दा हमखास नसतो आणि जून ते सप्टेंबर कोल्हापुरात तोच सगळ्यात जास्त छळतो. होस्टेलच्या गच्चीवर जायला मुलींना परवानगी नव्हती. मजल्याच्या टोकाला दोऱ्यांची एक जागा होती, तिथे साठ मुलींचे कपडे. खोलीत पंख्याखाली वाळवायचे तर दोरी कुठे बांधायची? भिंतीत खिळे ठोकायला मनाई.

म्हणून आधी कपड्यांचाच विचार केला. तीन जीन्स नेणार होती, एकच नेली. जाड टर्किश टॉवेलऐवजी दोन पंचे. पंचा पिळून पंख्याखाली टाकला की सकाळचा दुपारपर्यंत वाळतो. टॉवेल दुसऱ्या दिवशीही दमट असतो आणि तोच अंगाला लावला की त्वचेला खाज सुटते. कुर्ते सुटसुटीत, पातळ. कोल्हापुरी चप्पल तिला हौसेने घ्यायची होती. कातडी चप्पल पावसात भिजली की फुगते, आकार सोडते, म्हणून ती खरेदी दिवाळीनंतर आणि तोवर रबरी सँडल. दोरीसाठी कपाटाच्या कडीपासून खिडकीच्या गजापर्यंत हुक असलेली काढता-घालता येणारी नायलॉन दोरी आणि दोन डझन चिमटे. खर्च अगदी किरकोळ. सगळ्या सामानात रोज उपयोगी पडली ती हीच दोरी.

कपाटाच्या फळ्यांवर वर्तमानपत्र अंथरलं, कोपऱ्यात कापराच्या वड्यांची पुरचुंडी ठेवली. वर्तमानपत्र दर महिन्याला बदलायचं. ओल आधी ते ओढून घेतं.

वीज: इथे तडजोड नाही

रॉड, इस्त्री, किटली या तिन्ही वस्तूंना होस्टेलच्या नियमात मनाई होती. ताईला वाटलं, सगळ्याच मुली लपवून ठेवतात, आपणही ठेवू. पावसाळ्यात गरम पाणी मिळालं नाही तर पोर आजारी पडेल ही तिची काळजी मला कळत होती. पण तिला मी हिशेब सांगितला. सहा अँपिअरचा प्लग २३० व्होल्टवर साधारण १३८० वॅटचा भार पेलतो. बाजारातल्या बऱ्याचशा किटल्या १५०० वॅटच्या असतात, पाणी तापवायचा रॉडही तेवढाच. म्हणजे एकटी किटलीच त्या प्लगला जास्त होते. त्यात तोच प्लग स्वस्तातल्या एक्स्टेन्शन बोर्डाला जोडलेला, बोर्डावर तिघींचे चार्जर आणि शेजारी ओल्या कपड्यांची दोरी. प्लग तापतो, प्लॅस्टिक वितळतं, मग वास येतो, तोवर उशीर झालेला असतो. रॉडचं तर त्याहून वाईट. बादलीत रॉड चालू असताना पाण्यात हात घातला तर जीव जाऊ शकतो. झोपेत उठलेल्या अठरा वर्षांच्या मुलीच्या हातात ती वस्तू द्यायची नाही.

गरम पाण्यासाठी होस्टेलवर सोलर होतं, पावसात ते कोमटच. त्यासाठी मेसच्या मावशींशी बोलून ठेवलं. आजारपणात त्या गरम पाण्याचा थर्मास भरून देतात. म्हणून चांगला स्टीलचा थर्मास घेतला. आयएसआय मार्क असलेला, फ्यूज आणि स्विच असलेला एक एक्स्टेन्शन बोर्ड घेतला. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅटच्या आसपास, मोबाइलचा वीस-तीस. तिघींचं सगळं मिळूनही बोर्डाला काही होत नाही.

उजेडासाठी चार्जिंगवर चालणारा छोटा एलईडी दिवा, टेबलाच्या कडेला चिमट्याने अडकणारा. एक जण झोपलेली असताना दुसरीला वाचता येतं. वीज गेली की तोच कामाला येतो.

तिघींची खोली

भाचीने हे स्वतः केलं आणि मला त्याचं फार कौतुक वाटतं. रेक्टर मॅडमकडून तिने दोघी रूममेटची नावं आणि त्यांच्या परवानगीने नंबर घेतले. एक कराडची, एक कुडाळची. सामान आणायच्या आधीच तिघींनी फोनवर ठरवून टाकलं: झाडू-सुपली कराडची आणेल, आरसा आणि घड्याळ कुडाळची, बोर्ड आणि दोरी ही. शेजारच्या खोलीत तीन झाडू, तीन आरसे आणि दोरी एकही नाही, असं झालं होतं.

ताईला मी डबे किती द्यायचे विचारलं तेव्हाही भाचीच मध्ये पडली. "मावशी, नको गं एवढे डबे. खायचं एकत्रच ठेवतो आम्ही." शेवटी घट्ट झाकणाचे तीन डबे गेले. एकात कांदा-लसूण चटणी, एकात शेंगदाण्याची चटणी, एकात घरचे काजू, चंदगडचे. चटणीत ओला चमचा घालायचा नाही, हे मात्र आजीने तिघींना फोनवर बजावलं.

मेसमध्ये ताट-वाटी-पेला स्वतःचा लागायचा. भांड्यांच्या दुकानात घेतानाच प्रत्येकावर नाव कोरून घेतलं. दुकानदार यंत्राच्या सुईने ताटाच्या कडेला अक्षरं उठवतो, मिनिटाभराचं काम. शे-दीडशे सारखी ताटं एका हौदावर घासायला पडतात तिथे नावाशिवाय ताट परत मिळत नाही.

कुलूप चांगल्या पितळी लिव्हरचं, तीन किल्ल्यांचं. एक किल्ली तिच्या गळ्यातल्या दोरीत, एक बॅगेच्या आतल्या कप्प्यात, एक माझ्याकडे. पत्र्याच्या पेटीऐवजी कॉटखाली सरकणारी झाकणाची प्लॅस्टिकची पेटी. पत्रा ओलीत गंजतो आणि गंजाचे डाग कपड्यांना लागतात.

पुराची तयारी

कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी धोका पातळीच्या कितीतरी वर गेलं, महामार्ग बंद पडला, शहराचे पाणी उपसा करणारे पंप बुडाले आणि ज्या भागात पुराचं पाणी शिरलंच नव्हतं तिथेही नळ कोरडे पडले. लोक टँकरपुढे घागरी घेऊन रांगेत उभे होते. होस्टेल उंचावर आहे, तिथे पाणी येणार नाही. पण मुलगी गावी जाऊ शकणार नाही, दाजी इकडे येऊ शकणार नाहीत आणि बादलीत पाणी नसेल, अशी वेळ येऊ शकते.

म्हणून झाकणाची बादली आणि पिण्याच्या पाण्याचा दहा लिटरचा कॅन घेतला. चार दिवस पुरेल असा कोरडा खाऊ पेटीच्या तळाशी: भडंग, लाडू, शेंगदाणे-गूळ. क्रोसिन, ओआरएसची पाकिटं, पट्टी, तिच्या नेहमीच्या गोळ्या. आठशे रुपये रोख, सुट्ट्या नोटांत, कारण वीज आणि नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे देता येत नाहीत. पुराची बातमी यायला लागली की होस्टेलवरच थांबायचं, एसटी चालू आहे म्हणून निघायचं नाही, हे तिच्याशी आणि दाजींशी आधीच ठरवलं. त्या वर्षी पाणी इशारा पातळीपर्यंत आलं, नळ एक दिवस बंद राहिले. कॅन तिघींना पुरला.

कागदपत्रांची फाइल प्लॅस्टिकची घेतली. आधार, गुणपत्रिका, उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, अल्पभूधारक असल्याचा दाखला, फोटो, सगळ्यांच्या झेरॉक्स. होस्टेलची प्रत्येक पावती त्यातच ठेवायची. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासारख्या योजनांचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरताना वसतिगृहात राहत असल्याचा पुरावा लागतो आणि पैसे आधार जोडलेल्या बँक खात्यातच येतात. ते खातं जोडलेलं आहे का हे प्रवेशाच्या आठवड्यातच तपासून घ्यावं. मार्चमध्ये ते कळलं तर फार धावपळ होते.

दुसरा हप्ता

पहिल्या खेपेला साडेसहा हजारांच्या आसपास खर्च झाला. उरलेले साडेपाच हजार तिच्या खात्यावर टाकले आणि ताईला विनंती केली की महिनाभर काहीही पाठवू नकोस. ताईने ते पाळलं. तिच्यासाठी ते सोपं नव्हतं.

सप्टेंबरअखेर भाचीने आपली यादी केली. ती पहिल्या दोन पानांशी जवळपास कुठेच जुळत नव्हती. तिला हवा होता ड्रॉइंगचा बोर्ड आणि त्यावर रेघा आखायचा ड्राफ्टर. तो तिने दुसऱ्या वर्षाच्या मुलीकडून अर्ध्या किमतीत घेतला. कानात घालायचे फोमचे बोळे, कारण कुडाळची मैत्रीण पहाटे मोठ्याने पाठांतर करते. पाठीला टेकायला एक घट्ट लोड, कारण होस्टेलची खुर्ची लाकडी. वर्कशॉपसाठी बंद बूट. एक छोटी कात्री आणि सुई-दोऱ्याचा डबा. टेबलफॅनची गरज पडली नाही, दाराजवळ वारा येत होता. पुस्तकांचा रॅकही नको, लायब्ररीतून पुस्तकं मिळतात. यातलं लोड सोडून काहीही मला किंवा ताईला आधी सुचलं नसतं.

दिवाळीला पंधराशे रुपये शिल्लक होते. त्यातून तिने आजीला कोल्हापुरी चप्पल नेली. पैसे काय केले म्हणून दाजींनी विचारलं तेव्हा तिने वहीत लिहिलेला हिशेब दाखवला, आणि दाजींनी ती वही आल्यागेल्याला दाखवायला सुरुवात केली.

वाळवणाचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. खोलीतल्या दोरीवर तिघींचे रोजचे कपडे भागतात, पण चादरी आणि जीन्सना जागा नाही. चादरी ती महिन्यातून एकदा माझ्याकडे आणते, माझ्या बाल्कनीत त्या वाळतात. ज्यांचं कोल्हापुरात कुणी नाही त्या मुलींचं काय? तिच्या मजल्यावरच्या मुलींनी रेक्टर मॅडमना अर्ज दिला आहे, की गच्चीच्या एका भागावर पत्रे टाकून दोऱ्या बांधून द्याव्यात आणि संध्याकाळी दोन तास गच्ची उघडी ठेवावी. अर्जावर साठ सह्या आहेत, मसुदा भाचीने लिहिला. मॅडमनी पत्र्याचं कोटेशन मागवलं आहे. पुढच्या जूनच्या आत ते काम व्हायला हवं.